कचरा उचलला, मोजला, आणि मग?



उन्हाळ्याची सुट्टी आणि इंटर्नशिप म्हटलं की आपल्या होस्टेलवर दोन गट पडतात. एक गट पुण्या-मुंबईच्या कंपनीत जाऊन एसीत बसतो आणि दुसरा सर्टिफिकेटवर सही करणारे ओळखीचे काका शोधतो. मी आणि माझ्या बॅचचे तिघे मात्र मे महिन्याचे चार आठवडे दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर होतो. काम तीन प्रकारचं होतं. किनाऱ्यावरच्या कचऱ्याचा सर्व्हे, सफाई, आणि हंगामाच्या शेवटी उरलेल्या कासवांच्या घरट्यांवर पडेल ती मदत. परत आल्यावर मेसमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, "म्हणजे महिनाभर तुम्ही कचरा गोळा केला?" हो, केला. पण कचरा उचलणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. उचलण्याच्या आधी काय करायचं आणि उचलल्यानंतर त्याचं काय करायचं, या दोन प्रश्नांत खरं इंजिनिअरिंग आहे. त्यात सिव्हिल, मेकॅनिकल, केमिकल सगळ्यांना काम आहे, म्हणून हा लेख.

सुरुवात भरती-ओहोटीपासून करावी लागते. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही स्प्रिंग टाइड आणि नीप टाइड आकृतीसकट पाठ केलं होतं. गावात या दोन शब्दांचा काडीचा उपयोग झाला नाही. तिथे उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. आमच्याबरोबर गावातले एक कासवमित्र असायचे (घरट्यांची राखण करणाऱ्या माणसाला कोकणात कासवमित्र म्हणतात), आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. काका मोबाइल न काढता भरतीची वेळ सांगायचे. त्यांची रीत अशी : आजची तिथी घ्या, तिला तीनाने गुणा आणि चाराने भागा. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी, आणि ओहोटी दोन भरत्यांच्या बरोबर मधे.

मी आधी हसले होते. मग छापील टाइड टेबल काढून रोज ताडून पाहायला लागले. थोडाफार फरक पडतो, पण जाळं घेऊन निघालेल्या माणसाला तेवढं पुरतं. कारणही सरळ आहे. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. काकांच्या हिशोबात ती तिथीमागे पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटं उशिरा येते. पंचांगातल्या पाऊणकीच्या पाढ्यात अख्खा टाइड टेबल बसवलेला आहे, आणि तो आपल्या कुठल्याच पुस्तकात नाही.

आता याचा कचऱ्याशी संबंध काय? खूप आहे. किनारा जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे पाणी थोडं उतरलं तरी वाळू खूप उघडी पडते. समजा उतार १:३० आहे आणि भरती-ओहोटीच्या पातळीत अडीच मीटरचा फरक आहे. म्हणजे पाण्याची कड ७५ मीटर मागे जाते. सकाळी सातला जो किनारा तुम्ही पाहिला, तो दुपारी एकला तुम्ही पाहिलेला किनारा नसतोच.

किनारा किती घाण आहे हे आकड्यात सांगण्यासाठी 'क्लीन कोस्ट इंडेक्स' नावाचं एक सोपं सूत्र वापरतात. इस्रायलमधल्या अभ्यासकांनी ते २००७ मध्ये मांडलं. ठरलेल्या पट्ट्यातले दोन सेंटिमीटरपेक्षा मोठे प्लॅस्टिकचे तुकडे मोजायचे, त्यांना पट्ट्याच्या क्षेत्रफळाने (चौरस मीटरमध्ये) भागायचं आणि २० ने गुणायचं. उत्तर २ पर्यंत आलं तर किनारा अतिशय स्वच्छ, २ ते ५ स्वच्छ, ५ ते १० मध्यम, १० ते २० अस्वच्छ आणि २० च्या वर गेलं तर विचारूच नका.

पण यात एक गोची आहे. समजा १०० मीटर लांबीच्या पट्ट्यात ४०० तुकडे आहेत. भरती असताना वाळूची रुंदी १० मीटर, म्हणजे क्षेत्रफळ १००० चौरस मीटर. इंडेक्स आला ८, किनारा 'मध्यम'. तीन तासांनी पाणी उतरलं, रुंदी २० मीटर झाली. उघड्या पडलेल्या ओल्या वाळूत बहुतेक वेळा फारसं काही नसतं, म्हणजे तुकडे तेवढेच. इंडेक्स आला ४, किनारा 'स्वच्छ'! एकही कागद न उचलता किनारा सुधारला. कुणाला आपल्या मोहिमेचे आकडे चांगले दाखवायचे असतील तर 'आधी' चा सर्व्हे भरतीला आणि 'नंतर' चा ओहोटीला करावा, फोटोसुद्धा छान येतात. म्हणून आमच्या शीटवर पहिले चार रकाने तिथी, वेळ, पाण्याची स्थिती आणि पट्ट्याची रुंदी हे होते. ते भरल्याशिवाय पुढचं काही लिहायचं नाही, असा दंडक होता.

प्रत्यक्ष सर्व्हे म्हणजे चार बांबू, एक ५० मीटरची टेप आणि भरपूर ऊन. बांबू रोवून १०० मीटरचा पट्टा आखायचा, पाण्याच्या कडेपासून मर्यादावेल सुरू होते तिथपर्यंत. (वाळूवर पसरणाऱ्या त्या जांभळ्या फुलांच्या वेलीचं हे नाव मला फार आवडलं. समुद्राची मर्यादा तीच सांगते.) मग दोन-दोन मीटर अंतर ठेवून समांतर चालायचं, एकाने ओरडायचं आणि एकीने लिहायचं. "झाकण, झाकण, चप्पल, दोरी, औषधाची स्ट्रिप, झाकण!" शेवाळ, लाकडं, शिंपले, नारळाच्या कवट्या मोजायच्या नाहीत आणि उचलायच्याही नाहीत. हे सफाई मोहिमांत सगळ्यात जास्त विसरलं जातं. भरतीने आणून टाकलेला तो ओला पालापाचोळा वाळू धरून ठेवतो आणि लहान खेकड्यांचं, पक्ष्यांचं जेवणही त्यातच असतं. तो उचलून किनारा 'चकाचक' करणं म्हणजे घराबरोबर स्वयंपाकघरही झाडून टाकणं.

लिहून घेण्याची ही पद्धत नवीन नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर जी इंटरनॅशनल कोस्टल क्लीनअप होते, तिची सुरुवात १९८६ साली अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर झाली, आणि पहिल्याच वर्षी तिथल्या स्वयंसेवकांच्या हातात पिशवीबरोबर नोंदीचा कागद दिला होता. आपल्याकडच्या मोहिमांत पिशवी, टोपी आणि टी-शर्ट मिळतो, कागद क्वचितच.

कागद भरायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक गंमत लक्षात आली. बाटल्यांपेक्षा झाकणं कितीतरी जास्त सापडत होती. आणि ज्या बाटल्या सापडत होत्या त्या बहुतेक झाकण लावलेल्या. आमच्यातला एक जण म्हणाला, लोक झाकणं फेकतात आणि बाटल्या घरी नेतात की काय? उत्तर पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीत आहे. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. झाकण पॉलिप्रॉपिलीनचं किंवा पॉलिएथिलीनचं असतं, त्यांची घनता ०.९० ते ०.९७ च्या मधे, म्हणजे ते तरंगतं. बाटली पेटची, घनता १.३८. झाकण असेल तोवर आतल्या हवेवर ती तरंगते, झाकण निघालं की पाणी भरून तळाला जाते. म्हणजे किनाऱ्यावर दिसणारा कचरा हा समुद्रातल्या कचऱ्याचा सॅम्पल नव्हे, तो फक्त तरंगणाऱ्या कचऱ्याचा सॅम्पल आहे. बिनबाटलीचं झाकण दिसलं की त्याची बाटली खाली कुठेतरी पडली असावी, असं समजायला हरकत नाही.

जाळ्यांचंही तेच. नायलॉनची घनता १.१४ च्या आसपास, म्हणजे नुसतं नायलॉनचं जाळं बुडायला हवं. पण जाळ्याच्या वरच्या दोरीला तरंगते गोळे बांधलेले असतात आणि खालच्या दोरीला वजनं. मासे पकडण्यासाठी जाळं पाण्यात उभं राहावं म्हणून केलेली ही रचना जाळं तुटून वाहून गेल्यावरही चालूच राहते. मालक घरी, जाळं समुद्रात, आणि मासेमारी सुरू. याला घोस्ट नेट म्हणतात. कासवाला श्वास घ्यायला पृष्ठभागावर यावं लागतं, त्यामुळे जाळ्यात अडकलेलं कासव चक्क बुडून मरतं. चालू जाळ्यात अडकलं तर तांडेलापुढे प्रश्न असतो, हजारो रुपयांचं जाळं कापायचं की नाही? महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०१८ पासून अशा वेळी जाळं कापून कासव, व्हेल शार्क यांसारखे संरक्षित प्राणी सोडणाऱ्या मच्छीमारांना २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. मला ही योजना शंभर पोस्टर्सपेक्षा जास्त पटली. जाळं कापणाऱ्याचं नुकसान कुणीतरी मान्य केलं.

दोन सेंटिमीटरपेक्षा लहान तुकड्यांसाठी मात्र टेप आणि बांबू चालत नाहीत. त्यासाठी लागतात चाळण्या, आणि त्या आपल्या सिव्हिलच्या लॅबमध्येच आहेत. वाळूच्या ग्रेडिंगसाठी ज्या ४.७५ आणि १.१८ मिलिमीटरच्या चाळण्या आपण जर्नल पुरतं करण्यासाठी वापरतो, त्याच. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लॅस्टिकला मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात, आणि ४.७५ ची चाळणी त्या सीमेच्या इतकी जवळ आहे की फील्डवर तेवढं पुरतं. अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचा चौकोन आखायचा, वरची दोन-तीन सेंटिमीटर वाळू काढून वाळवायची, आधी वरच्या चाळणीतून आणि मग खालच्या चाळणीतून. खालच्या चाळणीवर जे राहतं ते मिठाच्या संपृक्त पाण्यात टाकायचं. किराणा दुकानातलं जाडं मीठ, विहिरीचं पाणी आणि प्लॅस्टिकची बादली (इलाज नव्हता). या पाण्याची घनता १.२ पर्यंत जाते. वाळू आणि शिंपल्यांचा चुरा तळाला, प्लॅस्टिक वर. पेट आणि पीव्हीसी यातही बुडतात, त्यामुळे आलेला आकडा नेहमी कमीच असतो, हे शीटवर लिहून ठेवायचं.

आमच्या बादलीत तरंगलं ते मुख्यतः थर्माकोलचे मणी, दोऱ्यांचे निळे-हिरवे तंतू आणि साबुदाण्याएवढे काही गुळगुळीत पांढरे दाणे. हे दाणे कशाचे तुकडे नाहीत. ते मुळातच तसे बनवलेले असतात. प्लॅस्टिकच्या कारखान्यांना कच्चा माल याच रूपात जातो आणि मोल्डिंग मशीनच्या हॉपरमध्ये हेच ओततात. आपल्या वर्कशॉपमधल्या पोत्यात पाहिले असतील. २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाजाला आग लागून ते बुडालं तेव्हा असे सुमारे १,६८० टन दाणे समुद्रात गेले. मे २०२५ मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं, तेव्हाही तिथल्या किनाऱ्यांवर पोत्यांच्या पोती दाणे आले. आमच्या बादलीतले चार-पाच दाणे कुठून आले ते सांगता येणार नाही. दाण्यांवर पत्ता नसतो. बिस्किटाच्या पुड्यावर निदान किंमत असते. आम्हाला चार रुपये छापलेला एक पुडा सापडला, रंग उडालेला पण अक्षरं शाबूत. आता मेसच्या कँटीनमध्ये त्या किमतीत फक्त रिकामं पाकीट मिळेल.

आता कासवांकडे येते. कोकणात ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सुरू केलं, पुढे वनविभाग आणि इतर गावं जोडली गेली. मादी रात्री येऊन पुळणीवर दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभरच्या वर अंडी घालते आणि निघून जाते. कासवमित्र ती अंडी कुंपणातल्या हॅचरीत तशाच खड्ड्यात ठेवतात आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं समुद्रात सोडतात. २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, म्हणजे पूर्व किनाऱ्यावरून अख्खा भारत वळसा घालून! पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर. हवाईमधल्या एका अभ्यासात (२०११) असं दिसलं की वाळूत प्लॅस्टिकचे तुकडे मिसळले तर पाणी तिच्यातून लवकर निचरतं आणि ती सावकाश तापते. हीट ट्रान्सफरचा पेपर देताना मला कुणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही गेलो तेव्हा हॅचरीत दोनच घरटी उरली होती. आणि त्याच आठवड्यात गावात चर्चा सुरू झाली की सुट्टीतले पर्यटक येताहेत, जेसीबी लावून एका दिवसात किनारा साफ करून घेऊ. हेतू वाईट नव्हता. पण काका अस्वस्थ झाले. हंगामाच्या शेवटी एखादी मादी येऊन गेलेली असते आणि वाऱ्याने तिच्या पावलांचे ठसे पुसलेले असतात. असं राहून गेलेलं घरटं दीड फुटावर असतं, त्यावरून मशीन गेलं तर कुणाला कळणारही नाही. शिवाय चाकोऱ्या. पिल्लाची लांबी आपल्या अंगठ्याएवढी असते. वीतभर खोल चाकोरी म्हणजे त्याच्यासाठी दोन्ही बाजूंनी भिंत असलेला रस्ता, आणि तो रस्ता समुद्राकडे जात नाही, किनाऱ्याला समांतर जातो. सकाळचं ऊन चढेपर्यंत ते तसंच चालत राहतं.

तेव्हा आमची शीटं उपयोगी पडली. तीन पट्ट्यांच्या नोंदी ग्राफवर मांडल्या तर दिसत होतं की बहुतेक सगळा कचरा एका अरुंद ओळीत आहे, मागच्या उधाणाचं पाणी जिथवर आलं होतं तिथे. बाकी वाळू जवळजवळ मोकळी. म्हणजे सगळा किनारा खरवडायची गरजच नव्हती. त्या ओळीत पोती घेऊन माणसं चालली तरी काम होत होतं. काका आम्हाला घेऊन पंचायतीत गेले. सरपंचताईंनी ग्राफ नीट पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि जेसीबी नको म्हणून सांगितलं. मग त्यांनी तिसरा प्रश्न विचारला, "माणसं मी देते. पण पोती भरल्यावर ठेवू कुठे, ते सांगा."

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. गावात कचऱ्याची गाडी नाही. आजवर जेवढ्या मोहिमा झाल्या त्यातला कचरा कधी जाळला, कधी खाडीकाठच्या खड्ड्यात टाकला. खाडीकाठी टाकलेला कचरा मृग लागला की पाण्याबरोबर पुन्हा समुद्रात आणि तिथून पुन्हा पुळणीवर. म्हणजे तोच कचरा दरवर्षी उचलायचा आणि दरवर्षी फोटो काढायचा.

गावकरी, शाळेची मुलं आणि आम्ही मिळून दोन सकाळी ती ओळ साफ केली. त्यानंतरचा पूर्ण आठवडा शाळेच्या पडवीत पोती ओतून निवडत बसलो. मला विचाराल तर इंटर्नशिपचा खरा अभ्यास तिथे झाला. तालुक्याच्या गावाहून भंगारवाले मामा टेम्पो घेऊन आले. पेटच्या बाटल्या, जाड डबे, जाळ्यांचे तरंगते गोळे त्यांनी आनंदाने घेतले. जाळी आणि दोऱ्या घेतल्या, पण वाळू झटकून आणि शिंपले काढून द्या म्हणाले, ते काम दोन दिवस चाललं. चपलांकडे पाहून मान हलवली. वेफर्सची चकचकीत पाकिटं, शाम्पूचे सॅशे आणि थर्माकोल यांना हातही लावला नाही. पाकिटात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते वेगळे करणं परवडत नाही. असा माल सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळता येतो, पण भट्टी दूर आणि थर्माकोल म्हणजे जवळजवळ नुसती हवा. टेम्पो भरून नेलं तरी काट्यावर वजन भरत नाही, भाडं मात्र पूर्ण लागतं. व्यवहारात प्रश्न इथेच अडतो, समुद्रावर नाही.

आम्ही निघालो तेव्हा न विकलेली सतरा पोती पंचायतीच्या गोडाऊनमध्ये ठेवलेली होती, तोंडं शिवून, प्रत्येकावर खडूने आत काय आहे ते लिहून. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्यागणिक प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन केंद्राची तरतूद आहे. सरपंचताईंनी पंचायत समितीला त्यासाठी पत्र लिहिलं आणि आमच्या शीटांच्या झेरॉक्स त्याला जोडल्या, कुठल्या प्रकारचा कचरा किती, या तपशिलासह. व्हायवाला माझ्या जर्नलला मिळाले नसतील इतके प्रश्न त्यांनी त्या कागदांवर विचारले.

पावसानंतर तोच १०० मीटरचा पट्टा पुन्हा मोजायचा आहे. सप्टेंबरचा तिसरा शनिवार ठरवला आहे. तिथी पाहून ओहोटीची वेळ काढू आणि त्याप्रमाणे आदल्या रात्रीची एसटी धरू. जास्तीत जास्त आठ जण येऊ शकतात, राहायची सोय शाळेत. जुनी पँट, टोपी, बूट आणि जाड हातमोजे आणावेत. ज्यांना चांगलं अक्षर आहे त्यांनी आवर्जून यावं, ओरडायला पुष्कळ आहेत. चाळण्या सिव्हिलच्या सरांनी द्यायचं कबूल केलंय, परत देण्याआधी गोड्या पाण्यात दोनदा धुऊन, पुसून, वाळवून आणायच्या या अटीवर. नावं माझ्याकडे किंवा लेडीज होस्टेलच्या नोटीस बोर्डवरच्या कागदावर लिहावीत.